कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीची नित्यभक्ती

कोल्हापुरातील मराठी प्रोटेस्टंट मंडळीचा आरंभ १८५२च्या अखेरीस झाला. त्या डिसेंबरात रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आणि त्यांची पत्नी इलायझा अहमदनगरहून कोल्हापुरात येऊन राहिले. पुढच्या शतकभरात शाळा, वसतिगृहे, रुग्णालये आणि चर्चच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबरच सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, शास्त्रवाचन, गायन, रविवारची उपासना आणि वर्षाचे सण यांची एक रीत मंडळीत रुजली. ही रीत मिशनऱ्यांनी आणली खरी, पण ती टिकली घरांमुळे. तिची भाषा, चाली आणि बैठक मराठी भक्तिपरंपरेतून आली आणि तिचा भार हळूहळू पाळक, शिक्षक, बायबल स्त्रिया आणि कुटुंबातली वडीलधारी माणसे यांनी उचलला.

आरंभीची वर्षे

वाइल्डर १८४६च्या सुमारास भारतात आले आणि नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. या मिशनची मुळे १८१३पर्यंत जातात. त्या वर्षी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले होते. नगरमध्ये १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले आणि १८५४ साली हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ख्रिस्ती उपासना मराठी माणसाने मराठीत चालवायची, हा नगरचा पायंडा वाइल्डर यांच्यासमोर होता.

कोल्हापूर हे छत्रपतींच्या गादीचे आणि अंबाबाईच्या क्षेत्राचे शहर. तिथे परका धर्मोपदेशक येऊन राहतो, ही गोष्ट अनेकांना रुचली नाही आणि त्याला घालवून द्यावे असे अर्ज झाले. वाइल्डर यांनी शाळा उघडल्या, बाजारात आणि खेड्यांत प्रवचने केली, मराठी पुस्तिका वाटल्या. बाप्तिस्मा घेणारे मात्र फारच थोडे निघाले.

दरम्यान नगरचे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन यांनी १८५४-५५मध्ये भारतातील ठाण्यांची पाहणी केली. मिशनचा भर शाळांपेक्षा देशी भाषेतील प्रवचनावर आणि मंडळ्या उभारण्यावर असावा, हे त्यांचे धोरण होते. शाळांचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या वाइल्डर यांचे त्यांच्याशी पटले नाही. बोर्डाने कोल्हापूरचे काम थांबवले. अमेरिकेला गेलेले वाइल्डर १८६१मध्ये स्वतंत्रपणे कोल्हापुरात परतले आणि १८७० साली हे ठाणे अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चकडे गेले. १८७५मध्ये वाइल्डर मायदेशी गेले. त्यांच्या शाळांतून ३,३००वर मुले शिकली व त्यांत ३०० मुली होत्या, असे त्यांच्या चरित्रनोंदी सांगतात.

या वादाचा मंडळीच्या भक्तीशी जवळचा संबंध होता. प्रेस्बिटेरियन परंपरेत शास्त्रवचन हा उपासनेचा गाभा. ते वाचता येत नसेल तर घरी प्रार्थना कशाच्या आधारे चालवायची, हा प्रश्न पहिल्या पिढीपुढे होता. कोल्हापूरच्या मंडळीत शाळा आणि उपासना ही दोन कामे कधीच पूर्णपणे वेगळी झाली नाहीत. शाळेतला मास्तरच पुष्कळदा गावातली प्रार्थना चालवत असे आणि आठवड्याची शाळा रविवारी शब्बाथशाळा होई.

शास्त्र मराठीत

कोल्हापूरला मिशन येण्यापूर्वीच मराठी बायबल तयार होते. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार छापला. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार १८२६ साली निघाला आणि १८४७पर्यंत संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत मिळू लागले. वाइल्डर यांनी मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांवर मराठीत टीका लिहिली. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले.

ग्रंथ हाती आला तरी वाचणारे थोडे होते. त्यामुळे पाठांतराला महत्त्व आले. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, तेविसावे स्तोत्र, डोंगरावरील प्रवचनातील आशीर्वचने आणि प्रश्नोत्तरावली मुलांकडून आणि प्रौढांकडून म्हणवून घेतली जात. ओव्या, अभंग आणि आरत्या कानाने ऐकून मुखोद्गत करणाऱ्या समाजाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नव्हते. निरक्षर आजी घरातल्या शाळकरी नातवंडाकडून अध्याय वाचून घेई आणि स्वतः प्रार्थना करी. अनेक कुटुंबांत वाचन मुलांचे आणि प्रार्थना थोरांची, अशी वाटणी त्यामुळेच पडली.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा निर्णय घेतला. ख्रिस्ती घरांतल्या शास्त्रवाचनालाही अशा शिक्षणप्रसाराचा लाभ झाला. १९१५मध्ये महाराजांच्या प्रोत्साहनाने निघालेल्या वसतिगृहांत इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होते. खेड्यांतून शिकायला आलेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांची त्यामुळे शहरात राहण्याची सोय झाली.

घरची उपासना

कौटुंबिक उपासना हा या भक्तीचा पाया होता. तिचा क्रम साधा असे: एक गीत, शास्त्रातला एखादा उतारा, घरातल्या मोठ्या माणसाची प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना. शेतावर किंवा कामावर जाण्यापूर्वी आणि रात्री जेवणाआधी वा जेवणानंतर ती होई. जेवायला बसताना उपकारस्तुती करण्याची रीतही मुलांना लहानपणापासून लावली जाई.

या प्रार्थनेत वापरायचे शब्द बहुतेक ठरलेले नसत. अँग्लिकन परंपरेत छापील प्रार्थनापुस्तक असते. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांत उत्स्फूर्त प्रार्थनेला मान होता. पाऊस, पीक, आजारपण, मुलाची परीक्षा, गावातले भांडण, सगळे आपल्या बोलीत देवापुढे मांडता येत असे. त्यामुळे कुठल्याही पुरोहितावाचून आणि कुठल्याही शिक्षणावाचून घरातल्या माणसाला उपासना चालवता आली. ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे प्रवेश नव्हता, अशा समाजांतून आलेल्या कुटुंबांसाठी हा बदल फार मोठा होता.

घराबाहेर त्याला जोड मिळाली वाडीवस्तीवरच्या प्रार्थनासभांची. आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी किंवा अंगणात मंडळी जमत. घरमालकाच्या अडचणीसाठी प्रार्थना होई, एखादा उतारा समजावून सांगितला जाई आणि गीते म्हटली जात. आजारी माणसाकडे, बाळंतिणीकडे किंवा दुःखाच्या घरी अशी सभा मुद्दाम नेली जाई.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातील प्रार्थना सप्ताह ही अशीच एक प्रथा. जगभर पसरलेल्या या प्रथेची सुरुवात भारतात झाली. पंजाबातील लुधियाना येथील प्रेस्बिटेरियन मिशनने १८५८ साली जगातल्या सर्व ख्रिस्ती मंडळ्यांना एकत्र प्रार्थनेची हाक दिली आणि १८६०च्या जानेवारीत पहिला सप्ताह पाळला गेला.

बायका आणि भक्ती

घरच्या उपासनेचा मोठा वाटा बायकांनी सांभाळला. मिशनच्या कामात ‘बायबल स्त्री’ हे एक ठरलेले पद होते. ही बहुधा विधवा किंवा प्रौढ वयाची ख्रिस्ती स्त्री असे. ती घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवी, शुभवर्तमानातल्या गोष्टी सांगे, गीते शिकवी. पुरुष प्रचारकांना जिथे माजघरापर्यंत जाता येत नसे, तिथे तिला सहज जाता येई. मुलींच्या शाळेनेही हेच काम दुसऱ्या वाटेने केले. कोल्हापुरातील एस्तर पॅटन यांच्या नावाची शाळा हे त्या कामाचे स्मारक आहे.

वाइल्डर कुटुंबाची पुढची पिढी या दृष्टीने लक्षणीय आहे. रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ साली कोल्हापुरात झाला. अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकत असताना ते आणि त्यांची बहीण ग्रेस रोज एकत्र प्रार्थना करत. १८८६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थी शिबिरात १०० तरुणांनी परदेशी मिशनकार्याची तयारी दर्शवली आणि त्यातून स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट ही चळवळ उभी राहिली. तिच्यामागे रॉबर्ट यांचा पुढाकार होता. पुढच्या काही दशकांत या चळवळीने हजारो विद्यार्थी जगभर पाठवले. १८८७ साली रॉयल वाइल्डर यांचे निधन झाले आणि इलायझा व ग्रेस या मायलेकी पुन्हा कोल्हापूरकडे वळल्या.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती बायकांच्या प्रार्थनेचा सर्वांत मोठा आविष्कार केडगावला दिसला. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५च्या जूनमध्ये आध्यात्मिक जागृती झाली. मुली आणि स्त्रिया गट करून तासन्तास प्रार्थना करू लागल्या आणि त्यांची पथके गावोगाव गेली. स्त्रियांनी मोठ्याने, सर्वांदेखत, स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करणे ही गोष्ट त्यानंतर मराठी मंडळ्यांत अधिक रुळली.

गायन आणि कीर्तन

मिशनऱ्यांनी आरंभी इंग्रजी गीतांची भाषांतरे मूळ पाश्चात्त्य चालींवर म्हणवून घेतली. मराठी शब्दांचे वजन त्या चालींत नीट बसत नसे. मराठी कानाला ओवी, अभंग, पद, साकी, दिंडी आणि आर्या ओळखीची होती. नगर भागातील कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४-१९०८) यांनी देशी वृत्तांत गीते रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा उभी केली. कीर्तनात गोष्ट, विवेचन आणि गाणे एकत्र येते. योसेफाचे चरित्र, उधळ्या पुत्राचा दाखला किंवा ख्रिस्ताचे दुःखसहन अशी आख्याने टाळ, मृदंग आणि पेटीच्या साथीवर रंगू लागली. जत्रेत किंवा चावडीपुढे प्रवचनाला न थांबणारी माणसे कीर्तनाला बसत.

या परंपरेला खरी उंची दिली नारायण वामन टिळकांनी. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती आणि त्यांच्या अभंगांत ती जागोजाग दिसते. १९१२पासून मृत्यूपर्यंत ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७मध्ये त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र बसतील अशी भक्तमंडळी त्यांना हवी होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि ते १९३८ साली प्रसिद्ध झाले.

‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात टिळकांच्या आणि सांगळ्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. पवित्र शास्त्राच्या जोडीला हे पुस्तक अनेक मराठी ख्रिस्ती घरांत असते. रविवारच्या उपासनेला येताना लोक दोन्ही पुस्तके घेऊन येतात. देवाला माय, सखा, स्वामी म्हणणारी संतांची भाषा या गीतांतून मंडळीच्या रोजच्या तोंडी बसली. देवाजवळ जाणे म्हणजे त्याच्याशी सलगीने बोलणे, हा भाव धर्मशास्त्राच्या विवेचनापेक्षा या गाण्यांनीच अधिक पोचवला.

मराठीतून ख्रिस्तकथा गाण्याची रीत तशी आणखी जुनी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले. त्याच्या छापील प्रती पुढे दुर्मीळ झाल्या, तरी हस्तलिखितांतून ते टिकले आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापले गेले.

गावोगावच्या मंडळ्या

प्रेस्बिटेरियन मिशनने कोल्हापुरानंतर रत्नागिरी (१८७३), पन्हाळा (१८७७), सांगली (१८८४), मिरज (१८९२), कोडोली (१८९३) आणि वेंगुर्ले (१९००) येथे ठाणी उघडली. १८७६-७८च्या दुष्काळानंतर आणि पुन्हा शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत अनाथ मुलांचा सांभाळ आणि गरिबांना मदत हे मिशनचे मोठे काम झाले. वारणेच्या खोऱ्यातील कोडोली हे ग्रामीण ख्रिस्ती समाजाचे केंद्र बनले. इथल्या मंडळीत त्या काळी अस्पृश्य ठरवलेल्या समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती.

खेड्यात रविवार पाळणे सोपे नव्हते. मिशनची शिकवण सांगे की हा दिवस उपासनेचा आणि विश्रांतीचा. पण वतनी कामे आणि वेठबिगार यांनी बांधलेल्या माणसाचा दिवस त्याच्या हाती नसे. पाटील-कुलकर्ण्यांचा निरोप आला की जावे लागे. आठवड्याचा बाजार रविवारी असेल तर उपासना की बाजार, असाही पेच पडे. शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानातील महार वतने रद्द केली आणि वेठबिगारीविरुद्ध हुकूम काढले. ही सुधारणा सर्व दलितांसाठी होती. रविवार स्वतःचा म्हणून राखू पाहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबालाही तिचे मोल होते.

प्रभुभोजनाचा विधी खेड्यांत विशेष गंभीरपणे पाळला जाई. त्याआधी तयारीची उपासना होई, भांडणे मिटवायला सांगितले जाई आणि मंडळीचे वडील सभासदांच्या वागणुकीची चौकशी करत. एकाच भाकरीतून आणि एकाच पेल्यातून सर्वांनी घ्यायचे, हे जातींच्या पंगती वेगळ्या बसणाऱ्या गावात साधे पाऊल नव्हते. सर्व मंडळींत जातीची जाणीव लगेच पुसली गेली असे झाले नाही. सोयरिकींत ती बराच काळ राहिली. पण प्रभुभोजनाच्या मेजापाशी भेद नाही, हा दंडक कायम राहिला.

सेवा हीच उपासना

डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली आले आणि १८९४मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले. त्यांच्या पहिल्या पत्नी मेरी यांच्या नावाने कोल्हापुरात मेरी वॉन्लेस हॉस्पिटल उभे राहिले. या रुग्णालयांत दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होई. परिचारिका, कंपाउंडर आणि इतर सेवक तिला हजर असत आणि वॉर्डांतून गीते म्हटली जात. परिचर्या, शिक्षण आणि स्वयंपाकघरातले कामही देवाची सेवा मानण्याची वृत्ती या संस्थांतून मंडळीत उतरली. कोल्हापूर भागातील अनेक ख्रिस्ती घरांत पिढ्यानपिढ्या परिचारिका आणि शिक्षक निपजले, त्याचे मूळ इथे आहे.

अर्पण हा या भक्तीचा आणखी एक भाग. रविवारच्या उपासनेत पैशाचे अर्पण घेतले जाते. खेड्यांत पीक हाती आल्यावर पहिले धान्य, भाजीपाला, फळे, कोंबडी, अंडी मंडळीत आणून उपकारस्तुती करण्याची प्रथा पडली. आणलेल्या वस्तूंचा तिथेच लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. शेतकरी समाजातल्या नव्या पिकाच्या नैवेद्याशी तिचे नाते सहज जुळले.

वर्षाची चौकट

कोल्हापुरात प्रेस्बिटेरियनांच्या जोडीला १८७०च्या सुमारास अँग्लिकन परंपरेची एसपीजी ही मिशनसंस्थाही कामाला लागली. ऑल सेंट्स चर्च हे त्या परंपरेचे, तर वाइल्डर मेमोरियल चर्च हे अमेरिकन मिशनच्या परंपरेचे. दोन्हींच्या उपासनेत फरक होता. अँग्लिकन मंडळीत चर्चवर्षाचे काळ, ठरलेले उतारे आणि छापील प्रार्थना होत्या. जुन्या प्रेस्बिटेरियन वळणात रविवार हाच मुख्य सण आणि प्रवचन हा उपासनेचा कळस.

पुढे या प्रवाहांत ऐक्याची चळवळ झाली. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांनी मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया स्थापन केले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. त्यात अँग्लिकन परंपराही सामील झाली आणि कोल्हापूर हा त्याचा एक धर्मप्रांत झाला. या ऐक्यामुळे चर्चवर्षाची चौकट सर्वत्र अधिक ठळक झाली.

आता भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात घरोघरी प्रार्थनासभा होतात. कोणी मांसाहार सोडतो, कोणी एक वेळ जेवतो, कोणी वाचवलेले पैसे अर्पण करतो. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक निघते, उत्तम शुक्रवारी क्रुसावरील सात उद्गारांवर मनन होते आणि पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे उपासना भरते. डिसेंबरात तरुणांचे गट रात्री घरोघर जाऊन नाताळची गीते म्हणतात. घरी करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या असा मराठी फराळ होतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे ताटे जातात.

कोल्हापूर जिल्ह्यातील कॅथलिक समाजाची भक्ती वेगळ्या वळणाची आहे. आजरा भागात गोवा-कोकणाशी नाते असलेली कॅथलिक वस्ती आहे. तिथे मिस्सा, संतांचे सण आणि संध्याकाळी कुटुंबाने एकत्र म्हणायची जपमाळ, म्हणजेच तेर्स, यांना प्राधान्य आहे. कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पूर्वी पुणे धर्मप्रांतात होते. २००५ साली त्यांचा स्वतंत्र सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. पंथ वेगळे असले तरी घर हेच प्रार्थनेचे पहिले ठिकाण, ही गोष्ट दोन्हीकडे समान आहे.

मिशननंतर

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांची संख्या घटत गेली आणि शाळा, रुग्णालये, मालमत्ता यांचा कारभार स्थानिक मंडळ्यांकडे आला. संस्था चालवणे अवघड होते. पैशाची चणचण आणि कारभाराचे वाद अनेक ठिकाणी झाले. रोजच्या भक्तीला मात्र परदेशी पैशाची किंवा मनुष्यबळाची गरज पूर्वीच उरली नव्हती. शास्त्र मराठीत होते, गीते मराठी कवींची होती, प्रार्थना घरच्या बोलीत होती आणि ती चालवणारी माणसे त्याच घरात वाढलेली होती. कोल्हापूर, पन्हाळा, वारणाकाठ आणि मिरज-सांगलीच्या मंडळ्यांत तीच रीत आजही चालू आहे.